पावतीपुरतं हेल्मेट

अंबड चौफुलीच्या थोडं अलीकडे एक जागा अशी आहे, की तिथं गाड्या आपोआप सावकाश होतात. समोरून येणारा एखादा अनोळखी माणूस स्वतःच्या डोक्यावर दोनदा हात आपटतो. याचा अर्थ जालन्यात शाळकरी पोरालाही कळतो : पुढं पोलीस उभे आहेत. मग कोपरात अडकवलेलं, आरशाला टांगलेलं, टाकीवर ठेवलेलं, मागच्या माणसाच्या मांडीवर बसलेलं, अशी सगळी हेल्मेटं पाचदहा सेकंदांत डोक्यांवर चढतात. पट्टा कुणी लावत नाही. चौफुली ओलांडली की सगळी पुन्हा आपापल्या जागी. सोळा वर्षं मी या रस्त्यानं अपडाऊन करतो आहे आणि या कवायतीत मीही कैक वेळा सामील झालो आहे, त्यामुळे हे लांबून हसून सांगायचा अधिकार मला नाही.

माझं हेल्मेट गाडीबरोबर आलेलं. नवी दुचाकी विकताना गिऱ्हाइकाला मानकाप्रमाणे हेल्मेट द्यावं, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 138 वा नियम सांगतो. शोरूममधल्या पोरानं ते माझ्या हातात ठेवताना म्हटलं होतं, "हे पासिंगपुरतं असतं सर." मलाही ते पटलं होतं. पुढं नऊ वर्षं ते पासिंगपुरतंच राहिलं. काचेवर इतके ओरखडे आले की रात्री समोरच्या गाडीचा दिवा फुटून त्याची दहा झुंबरं दिसायची. बकल तुटल्यावर मी पट्ट्याला गाठ मारली. गेल्या मे महिन्यात एका दुपारी ते टाकीवरून घरंगळून खाली पडलं आणि आतलं थर्माकोल अख्खं, वाटीसारखं, बाहेर आलं. रस्त्याच्या कडेला उभा राहून मी ती वाटी हातात फिरवली. काठाला माझ्या करंगळीएवढी जाड, टाळूवर त्याच्याही निम्मी. एवढ्या भांडवलावर मी नऊ वर्षं ट्रकांच्या शेजारून गेलो होतो.

नवं घ्यायचं ठरवलं, आणि लक्षात आलं की मला हेल्मेट घेताच येत नाही. किती मापाचं, कसलं, किती रुपयांचं, बघायचं काय, काहीच ठाऊक नव्हतं. ओळखीच्या चारजणांना विचारलं. चौघांनीही सांगितलं ते एकच : कुठं स्वस्त मिळतं.

आता जालन्याच्या माणसाला वस्तू पारखता येत नाही, असं म्हणायची हिंमत कुणी करू नये. 1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी या गावात महिको ही बियाणे कंपनी सुरू केली. 1998 साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. तेव्हापासून बियाणं हा इथल्या ओट्यावरच्या बोलण्याचा विषय आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात कृषी सेवा केंद्रात उभा राहिलेला माणूस बघा. तो पिशवी उलटीसुलटी करतो. टॅग निळा की हिरवा ते बघतो. निळा म्हणजे प्रमाणित, हिरवा म्हणजे सत्यप्रत. लॉट नंबर वाचतो, उगवणशक्तीचा टक्का वाचतो, मुदत वाचतो आणि पक्की पावती मागतो. घरी गेल्यावर पिशवी खालच्या अंगानं फोडतो, म्हणजे वरची शिवण टॅगसकट शाबूत राहते. त्यातलं मूठभर बियाणं पीक निघेपर्यंत फडताळात ठेवतो, उद्या तक्रार करायची वेळ आली तर हाताशी असावं म्हणून. सोयाबीनचे शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळतो आणि किती उगवले ते मोजतो. गजाचीही हीच गोष्ट. भंगार वितळवून गज ओढणाऱ्या कारखान्यांवर या शहराचा निम्मा बाजार चालतो. इथला साधा मिस्त्रीसुद्धा गजावरचं उठावातलं नाव, पाचशेचा आकडा आणि आयएसआयची खूण बघितल्याशिवाय स्लॅबला हात घालत नाही. एखादा गज मुद्दाम वाकवून, बाकाला चीर गेली का तेही बघतो.

हाच माणूस हेल्मेट कसं घेतो? चौकात दोरीला टांगलेल्या माळेपुढं गाडी उभी करतो, इंजिन बंदसुद्धा करत नाही. "कितीला?" "अडीचशे." "दोनशेला दे." डोक्यावर ठेवून आरशात बघतो, आणि निघाला.

याला बेफिकिरी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला ते खरं वाटत नाही. बियाणं खोटं निघालं तर आठ दिवसांत अख्ख्या गावाला दिसतं. बांधावर लोक जमतात, दुकानदाराचं नाव निघतं, पुढच्या वर्षी त्या वाणाला कुणी शिवत नाही. म्हणजे बियाण्याचा बाजार दर हंगामाला परीक्षा देतो, आणि परीक्षक बांधावरच उभे असतात. हेल्मेटची परीक्षा एकदाच होते, एका माणसाची होते, अंधारात कुठंतरी रामनगरच्या पुढं नाहीतर वडीगोद्रीच्या अलीकडे होते. ते नापास झालं तर तक्रार घेऊन दुकानात परत जायला माणूस उरत नाही. चार पिढ्यांच्या अनुभवातून पेरणीचं शहाणपण साठतं, तसं हेल्मेटचं शहाणपण साठत नाही, कारण त्याचा अनुभव सांगायला मागं कुणी राहत नाही. म्हणून जी वस्तू अनुभवानं पारखता येत नाही, ती खुणेवर विश्वासूनच घ्यावी लागते, आणि त्या खुणेकडे बघायची सवय आपल्याला हेल्मेटच्या बाबतीत कुणी लावलीच नाही. आपल्याला सवय लावली ती दंडाची. दंडाच्या भीतीनं घेतलेली वस्तू दंड चुकवण्याइतकीच चांगली असते. तिनं त्यापेक्षा जास्त काही करावं, अशी आपली अपेक्षाच नसते.

कायदा तसा जुना आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 129 पहिल्यापासून हेल्मेट सांगतंच. 2019 च्या दुरुस्तीनंतर ते चार वर्षांवरच्या प्रत्येकाला लागू झालं आणि कलम 194 ड नुसार हजार रुपये दंड व तीन महिने लायसन रद्द अशी शिक्षा आली. त्यातही महाराष्ट्रात आपण काय काय पाहिलं! 2016 च्या जुलैत तेव्हाचे परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी हेल्मेट नसेल तर पेट्रोल नाही, अशी घोषणा केली. पंपचालकांनी विरोध केला आणि ती गुंडाळली गेली. 1 जानेवारी 2019 पासून पुण्यात सक्ती सुरू झाली, तेव्हा तिथं हेल्मेटसक्तीविरोधी कृती समितीच उभी राहिली; पुणेकरांच्या त्या उत्साहाबद्दल इथं जास्त लिहीत नाही, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. माझं म्हणणं एवढंच, की या सगळ्या भांडणात दोन्ही बाजू एकाच प्रश्नावर बोलत होत्या : घालायचं की नाही. काय घालायचं, हे कुणीच विचारलं नाही.

खरं तर त्याचंही उत्तर कायद्यानं दिलेलं आहे. 1 जून 2021 पासून भारतात दुचाकीस्वारासाठी विकलं जाणारं प्रत्येक हेल्मेट आयएस 4151 या मानकाचं आणि आयएसआय खुणेचंच असलं पाहिजे. बिगरखुणेचं विकणं हा भारतीय मानक ब्यूरोच्या 2016 च्या कायद्यानुसार गुन्हा आहे : पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा कमीत कमी दोन लाख रुपये दंड. म्हणजे न घालणाऱ्याला हजार, आणि खोटं विकणाऱ्याला दोन लाख. आता चौकात उभं राहून मोजा, पावती कुणाची फाटते. गिऱ्हाईक पकडलं जातं तिथून पन्नास पावलांवर ती माळ दोरीला डुलत असते, आणि पावती फाटलेला माणूस तिथंच जाऊन दोनशेचं हेल्मेट घेतो, पुढची पावती वाचावी म्हणून. हातगाडीवाल्या गरीब पोराला दोन लाखांचा दंड करा, असं मी म्हणत नाही. ती माळ त्याच्यापर्यंत ज्या गोदामातून येते, तिथंवर कुणी जात नाही, हा माझा राग आहे.

मी कुठं जोरात चालवतो, गावातल्या गावात तर जायचंय, हे वाक्य मी स्वतः शेकडो वेळा म्हटलं आहे. एका रविवारी वहीत हिशेब मांडला. उभ्या गाडीवरून, म्हणजे शून्य वेगात, माणूस आडवा झाला तर डोकं साधारण दीड मीटरवरून रस्त्याला लागतं. दीड मीटरवरून पडणारी कुठलीही गोष्ट जमिनीला टेकताना ताशी साडेएकोणीस किलोमीटरच्या वेगात असते. डांबरावर उघडी कवटी आपटली तर हा सगळा वेग, समजा, तीन मिलिमीटरांत संपवावा लागतो. डोक्यावर गुरुत्वाकर्षणाच्या पाचशे पट झटका येतो. मध्ये अडीच सेंटिमीटर चेपणारं थर्माकोल असेल तर तोच झटका साठ पटींवर येतो. हेल्मेटचं सगळं काम एवढंच आहे : थांबायला दोन बोटं जागा देणं. ती जागा देताना थर्माकोल चेपतं, त्याचे दाणे दबतात आणि पुन्हा फुगत नाहीत. म्हणून एका अपघातानंतर हेल्मेट बाहेरून कितीही धड दिसलं तरी ते संपलेलं असतं. जालन्याच्या भाषेत सांगायचं तर ते बियाणं आहे; एकदा पेरलं की पेरलं.

यावरून दोन गोष्टी कळतात. पहिली, आतला मऊ स्पंज म्हणजे सुरक्षितता नव्हे. बोटानं दाबला की दबतो तो स्पंज घामासाठी आणि आरामासाठी असतो. वाचवणारा थर बोटाला टणक लागतो. माळेतल्या कित्येक हेल्मेटांत टरफल आणि स्पंज एवढंच असतं, किंवा माझ्या वाटीसारखी पातळ पापडी. दुसरी, कवचाचं टणकपण ही काही कौतुकाची गोष्ट नाही. "हे बघा, ट्रक गेला तरी फुटत नाही," असं म्हणून विकणारे हेल्मेटवर उभे राहून दाखवतात. न फुटणारी वस्तू हवी असेल तर लोखंडी घमेलं डोक्यावर घालावं. आपल्याकडे त्याला तोटा नाही.

हेल्मेट जीव वाचवतं, हे ज्ञान जगाला फार उशिरा मिळालं, आणि एका नामवंत माणसाच्या मरणातून मिळालं. 1935 च्या मे महिन्यात 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून ओळखला जाणारा टी. ई. लॉरेन्स इंग्लंडमध्ये मोटारसायकलवरून पडला आणि सहा दिवस बेशुद्ध राहून मेला. त्याला तपासणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचा मेंदूचा शल्यविशारद होता. तो विषय त्याच्या डोक्यातून गेला नाही. त्यानं लष्करी निरोप पोचवणाऱ्या मोटारसायकलस्वारांचे मृत्यू तपासले, 1941 साली त्यावर निबंध लिहिला, आणि त्याच वर्षी ब्रिटिश लष्करानं आपल्या स्वारांना हेल्मेट बंधनकारक केलं. सामान्य नागरिकांसाठी तो कायदा इंग्लंडात यायला मात्र 1973 उजाडलं. बत्तीस वर्षं गोऱ्या साहेबालाही पटत नव्हतं, हे कळल्यावर मला आमच्या चौफुलीबद्दल जरा बरं वाटलं.

आता तक्रारींकडे येतो, कारण त्या खोट्या नाहीत. मे महिन्यात जालन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो. दुपारी दीड वाजता बदनापूरच्या रस्त्यावर हेल्मेट घालणं म्हणजे डोकं भट्टीत घालणं आहे, आणि जे वातानुकूलित गाडीतून हेल्मेटचं प्रबोधन करतात त्यांनी हे एकदा करून बघावं. या भागात रुमालानं, दस्तीनं डोकं बांधायची जी पद्धत आहे तिला उन्हाचं कारण आहे. माझा तोडगा असा : पातळ सुती दस्ती एक पदरी खाली बांधायची, घाम टिपला जातो, जाड रुमालाचे चार वेढे घेतले तर हेल्मेट डोक्यावर बसण्याऐवजी रुमालावर बसतं. हवेची भोकं पुढून मागून आरपार असलेलं हेल्मेट चालत्या गाडीवर खरोखर थंड राहतं. थांबलं की तापतं, त्याला इलाज नाही. दुसरी तक्रार हॉर्न ऐकू येत नाही ही. अमेरिकेत हॅरी हर्ट यांनी मोटारसायकल अपघातांचा मोठा अभ्यास करून 1981 साली अहवाल दिला. त्यात हेल्मेटमुळे रस्त्यावरचे आवाज ऐकण्यात किंवा नजरेत अडथळा येतो असं आढळलं नाही. वाऱ्याचा घोंगाट उघड्या कानातच जास्त असतो. आणि आपल्या रस्त्यांवरचा हॉर्न ऐकू येत नाही, ही तक्रार कुणी मनापासून करत असेल यावर माझा विश्वास नाही.

तिसरी तक्रार सगळ्यात वजनदार : आधी खड्डे बुजवा, मग हेल्मेटचं सांगा. यात मी तक्रारदाराच्या बाजूनं आहे. समृद्धी महामार्ग आमच्या जिल्ह्यातून जातो आणि त्यावर दुचाकीला बंदी आहे. बंदी योग्यच आहे. पण त्याचा अर्थ असा की दुचाकीवाल्याच्या वाट्याला जुनेच रस्ते उरले, आणि उसाच्या हंगामात अंबड-घनसावंगीच्या त्या रस्त्यांवर मागं दिवा नसलेल्या ट्रॉल्या अंधारात डोंगरासारख्या उभ्या राहतात. सरकारकडून रस्ता मागायलाच हवा. मात्र तो मिळेपर्यंत मधल्या काळात डोकं माझंच आहे. खड्डा सरकारचा म्हणून त्यात पडणारी कवटी काही सरकारी होत नाही.

देशाचा आकडा सांगतो. केंद्र सरकारच्या अहवालानुसार 2022 साली भारतात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली. त्यांत 74,897 दुचाकीवरची. हेल्मेट न घातलेली 50,029. या शेवटच्या आकड्याचे दोन भाग आहेत : चालवणारे 35,692 आणि मागं बसलेले 14,337.

हा चौदा हजारांचा आकडा वाचून मी थांबलो, कारण नऊ वर्षांत माझ्या मागं बसणाऱ्या माणसासाठी मी एकदाही हेल्मेट घेतलं नव्हतं. राजूरच्या गणपतीला अंगारकीच्या दिवशी जालन्याहून पंचवीसेक किलोमीटरचा रस्ता दुचाक्यांनी भरून वाहतो. तो रस्ता नीट बघा. टाकीवर पोरगं, मग बाप, मग मोठी पोरगी, मग एका अंगाला बसलेली आई, तिच्या मांडीवर नारळाची पिशवी. हेल्मेट असलं तर बापाच्या डोक्यावर. कारण पावती त्याच्या नावानं फाटते. आपण हेल्मेट डोक्याला नाही, लायसनला घालतो, याचा याहून स्वच्छ पुरावा मला दुसरा दिसत नाही.

त्यातली गंमत अशी. प्रत्येक मोटारसायकलला डाव्या अंगाला, मागच्या चाकाजवळ, साडीगार्ड असतं. कायद्यानंच ते लावायला सांगितलेलं आहे. मागं बसणाऱ्याला धरायला मूठ, पाय ठेवायला जागा आणि मागचं अर्धं चाक झाकणारं संरक्षण, हे 1989 च्या नियमांतच आहे. म्हणजे मागं बाई बसणार, साडी नेसून बसणार, एका अंगाला बसणार, हे सरकारला आणि कंपनीला पहिल्या दिवसापासून ठाऊक. तिच्या पदराची काळजी गाडीबरोबर फिट होऊन येते. तिच्या डोक्याची येत नाही, कारण गाडीबरोबर हेल्मेट एकच. 2025 च्या जूनमध्ये केंद्रानं दोन हेल्मेटं देण्याचा मसुदा काढला, म्हणजे हे निदान सुचलं. महाराष्ट्रात 2024 च्या नोव्हेंबरात मागच्या माणसाचीही वेगळी पावती फाडा, असा आदेश निघाला. त्यानंतर काही दिवस मागच्या बायका हातात हेल्मेट धरून बसलेल्या दिसल्या. चार वर्षांखालच्या लेकरांसाठी 2023 च्या फेब्रुवारीपासून हेल्मेट आणि चालवणाऱ्याला जोडून ठेवणारा सुरक्षापट्टा बंधनकारक आहे. मी जालन्यात अजून असं एकही लेकरू पाहिलेलं नाही, आणि त्या मापाचं हेल्मेट मागितल्यावर दुकानदार खेळण्यांच्या दुकानाकडे बोट दाखवतो.

शेवटी मी आणि बायको दुकानात गेलो. दुकान लहान, छतापर्यंत खोकी. मी रुबाबात म्हटलं, लार्ज दाखवा. दुकानदारानं खिशातून शिंप्याचा टेप काढला आणि भुवयांच्या बोटभर वरून डोक्याभोवती फिरवला. "सत्तावन्न. तुम्हाला साठचं कामून पाहिजे?"

"आजवर साठचंच घालतोय."

"मग घालत नव्हता सर. ठेवत होता."

त्यानं अठ्ठावन्नचं दिलं. ते चढताना कान मुडपले, गालफडं आत दाबली गेली, मी म्हटलं घट्ट होतंय. तो म्हणाला, "तोंड उघडून बोला." बोललो तर आतून गाल दाताखाली आले. "आता बरोबर. महिनाभरात गादी बसते, मग सैल पडतं. आज सैल असलं तर महिन्यानं फिरतंय." मग पट्टा लावायला लावला आणि मागून हेल्मेटची कड धरून ते पुढं पाडायचा जोर केला. माझी मान खाली गेली, हेल्मेट निघालं नाही. माझं जुनं हेल्मेट याच परीक्षेत पगडीसारखं हातात आलं असतं. "शिर सलामत तो पगडी पचास" ही म्हण आरटीओच्या फलकांवर इतकी रंगवून झाली आहे की तिचा अर्थ कुणी बघत नाही : त्या म्हणीत पगडी पन्नास वेळा बदलायची, किरकोळ वस्तू आहे. हेल्मेटला आपण नेमकं त्या पगडीच्याच रांगेत बसवलं.

कंपनीबद्दल मी फार डोकं लावलं नाही. बेळगावचं वेगा, फरिदाबादचं स्टड्स, बद्दीचं स्टीलबर्ड, सगळ्यांची हजार-दीड हजारापासून पूर्ण तोंड झाकणारी हेल्मेटं मिळतात. मागं आयएसआयची खूण, तिच्यावर 4151 आणि खाली सीएम/एलचा परवाना क्रमांक असतो. तो क्रमांक मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकला की कुणाचा परवाना, चालू की बंद, ते दिसतं. मी टाकून बघितला. हाच तो निळा टॅग, आणि तो वाचायला बियाण्याच्या टॅगपेक्षा सोपा आहे. खोटी खूण छापलेली असली तरी खोटा क्रमांक तिथं उघडा पडतो, नाहीतर दुसऱ्याच कुणाचा निघतो. जास्त पैसे म्हणजे जास्त सुरक्षा, हाही एक भ्रम आहे. ब्रिटन सरकार 2007 पासून हेल्मेटं आपटून त्यांना तारे देतं. तिथं स्वस्तातल्या हेल्मेटांनी पाच तारे मिळवले आहेत आणि महागडी मागं राहिली आहेत. पाच हजारांच्या पुढं माणूस हलकेपणा, शांतता, वारा आणि वाघाचं चित्र विकत घेतो. घ्यावं, ऐपत असेल तर. फक्त शिंगं आणि मागं लोंबणारी वेणी चिकटवू नये, एवढं पोरांना सांगावंसं वाटतं. तेही सुरक्षेपेक्षा सौंदर्यासाठी.

दोन बाबतींत मात्र मी हटून बसलो. हनुवटी झाकलेलीच पाहिजे. अर्ध्या हेल्मेटला दुकानदारसुद्धा 'टोपी' म्हणतो, आणि माणूस पडतो तो पुष्कळदा तोंडावर. पानाची पिचकारी टाकायची सोय हे जबडा उघडा ठेवण्याचं कारण होऊ शकत नाही. दुसरं बकलचं. शर्यतवाले दोन कड्यांतून ओवायचा पट्टा उत्तम मानतात. असेल. मला दिवसातून आठ वेळा उतरावं-चढावं लागतं, आणि जो पट्टा एका बोटानं लागतो आणि एका बोटानं सुटतो तोच मी रोज लावणार. काच पांढरी, स्वच्छ घेतली. काळी काच दिवसा झकास दिसते, पण संध्याकाळी सातला ट्रॉली दिसत नाही.

आता बायकोचं. ती आरशासमोर उभी. "अंबाडा कुठं ठेवू?"

हा प्रश्न कुठल्याही मानकात नाही. हेल्मेट मागून डोक्याच्या खाली उतरायला हवं आणि अंबाडा नेमका तिथं. वरचेवर बसवलं तर पुढून कपाळ उघडं. दुकानदारानं हात टेकले. तिथं बसलेल्या त्याच्या आईनं सांगितलं, "वेणी घाल बाई, अन् पाठीवर सोड. देवळात गेल्यावर बांध." वेणी घातल्यावर छप्पन्नचं व्यवस्थित बसलं. तरी ती म्हणाली, "तुम्ही घ्या चांगलं. मला काय, मी तर मागंच बसते." मी चौदा हजारांचा आकडा सांगितला. तिनं तो ऐकून घेतला आणि पट्टा स्वतःच्या हातानं लावून बघितला, दोनदा.

दोन्ही मिळून सत्तावीसशे झाले. पक्की पावती घेतली आणि दोन्हींवर आत बनावटीचा महिना बघून घेतला. पाचेक वर्षांनी बदलायची ती तारीख मी पेनानं पावतीवर लिहून ठेवली आहे, बियाण्याच्या पावत्या असतात त्याच फडताळात.

जुनं हेल्मेट दाराशी पडलं होतं. दूध घालणाऱ्यानं ते बघितलं. "टाकताय का सर? द्या मला. थर्माकोल चिकटवून घेतो फेविकॉलनं. पावतीपुरतं चालंल."

मी हो म्हणणार होतो. सोळा वर्षांची सवय. मग आत गेलो, सुरी आणली आणि दोन्ही बाजूंचे पट्टे मुळापासून कापून टरफल त्याच्या हातात दिलं. तो बघतच राहिला. चांगल्या वस्तूची माती केली, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं. तरी त्यानं ते नेलं. परवा त्याच्या गोठ्यावर गेलो होतो. म्हशीपुढं सरकीची पेंड टाकायला त्याच्या पोराच्या हातात तेच होतं, उलटं धरलेलं. काठाला दूधवाल्यानं आतून खिळ्यानं एक रेघ ओढली आहे. तिथंवर भरलं की एका वेळची पेंड बरोबर होते, म्हणाला.